कुपत होलिम ते राष्ट्रीय आरोग्य विमा : शेहेचाळीस वर्षांचा वाद

बेर-शेवा, अश्दोद, लोद किंवा दिमोना येथील कोणत्याही दवाखान्यात आज आपण गेलो, तर खिडकीपाशी बसलेली कारकून बाई आपल्याकडून एक लहानसे कार्ड मागते. ते यंत्रातून फिरवले की काम झाले. आपण कोणत्या संघटनेचे सभासद आहोत, मागील महिन्याची वर्गणी भरली आहे की नाही, निवडणुकीत कोणत्या पक्षाकडे आपला कल आहे, यांपैकी काहीही ती विचारत नाही. आरोग्यकर पगारातून परस्पर कापला जातो आणि बितुआह लेउमीकडे, म्हणजे राष्ट्रीय विमा संस्थेकडे, जमा होतो. आपल्या तरुण पिढीला ही व्यवस्था ऊन-पावसाइतकी स्वाभाविक वाटते. परंतु ज्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याने ती निर्माण झाली, तो 1 जानेवारी 1995 रोजी अमलात आला. त्या वेळी इस्राएलचे राज्य शेहेचाळीस वर्षे पूर्ण करून पुढे गेले होते.

ज्या राज्याने पहिल्या पाच-सहा वर्षांत लाखो ओलिमांना घरे दिली, सक्तीचे शिक्षण दिले, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन कायद्याने बांधून दिले, त्याला आजारी माणसाच्या उपचाराचा कायदा करावयास इतका काळ का लागावा? डॉक्टरांची वाण होती म्हणून नव्हे, आणि अशा कायद्याची कल्पना कोणाला सुचली नव्हती म्हणूनही नव्हे. ती कल्पना राज्याच्या जन्माबरोबरच कागदावर उतरली होती. अडचण निराळी होती, आणि ती समजून घ्यावयाची तर राज्याच्याही आधीच्या काळात जावे लागते.

1911 साली, तुर्की अंमलात, यहूदा प्रांतातील ज्यू शेतमजुरांनी आपल्या परिषदेत एक आजार-निधी स्थापन केला. हे मजूर बहुतेक रशियातून आलेले तरुण, अविवाहित आणि निर्धन होते. मलेरियाने त्यांना ग्रासले होते. बागेत काम करताना एका सोबत्याचा हात अपघातात गेला आणि त्याच्या उपचाराची कोणतीही सोय नाही, हे पाहून या निधीची निकड सर्वांना पटली, असे सांगितले जाते. आरंभीचे सभासद जेमतेम दीडशे होते. प्रत्येकाने मिळकतीतून थोडे द्यायचे आणि जो आजारी पडेल त्याच्यासाठी ते खर्चायचे, इतका साधा हा विचार होता. हिब्रूत ‘कुपा’ म्हणजे गल्ला किंवा पेटी, आणि ‘होलिम’ म्हणजे आजारी माणसे. ‘कुपत होलिम’ या नावाचा उगम असा अगदी घरगुती आहे.

1920 साली हायफा येथे हिस्ताद्रुत ही कामगारांची महासंघटना स्थापन झाली आणि मजुरांचे निधी तिच्या छत्राखाली आले. त्यांतून ‘क्लालित’, म्हणजे सर्वसाधारण कुपत होलिम, उभी राहिली. यानंतरची महत्त्वाची घटना 1937 सालची आहे. त्या वर्षी हिस्ताद्रुतने ‘मस अहिद’, म्हणजे एकत्रित कर, सुरू केला. तोपर्यंत संघटनेची वर्गणी वेगळी आणि दवाखान्याची वर्गणी वेगळी असे. आता दोन्ही एकच झाल्या. ज्याला डॉक्टर हवा त्याने हिस्ताद्रुतचे सभासद झालेच पाहिजे, आणि सभासदाने भरलेल्या पैशातून दवाखान्याला किती व संघटनेच्या इतर कार्याला किती, हे हिस्ताद्रुतच ठरवणार. हिशेबाच्या वहीतील हा एक लहानसा बदल पुढे अर्धे शतक या देशाच्या राजकारणाला पुरला. मनुष्य संघटनेकडे विचाराने येतो त्यापेक्षा आजाराने अधिक येतो, हे तेव्हाच्या पुढाऱ्यांना पुरते उमगले होते.

इतर पक्षांनीही तोच कित्ता गिरवला. रिव्हिजनिस्ट मंडळींनी 1933 साली आपली ‘लेउमित’ काढली. जर्मनीतून आलेल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने 1940च्या सुमारास ‘मक्काबी’ उभी राहिली. आणखी दोन कुपतींच्या एकत्रीकरणातून 1974 साली ‘मेउहेदेत’ निघाली. तथापि क्लालितच्या तुलनेत या सगळ्या लहानच होत्या.

14 मे 1948 रोजी राज्याची घोषणा झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 5 जुलै रोजी, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तेथील रुग्णालये सरकारच्या ताब्यात गेली. हिंदुस्थानातही भोर समितीने 1946 साली आपला विस्तृत अहवाल देऊन, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडलेले होते. थोडक्यात, तो काळच अशा योजनांचा होता. इस्राएलमध्येही इत्झाक कानेव यांच्या अध्यक्षतेखाली आंतरखातेय समिती नेमली गेली. सामाजिक विम्याची जी योजना तिने आखली तीत आरोग्यही होते. कानेव हे स्वतः क्लालितच्या परंपरेतले, ही गोष्ट विसरता कामा नये. संघटनेतील सर्वच लोक या विचाराच्या विरुद्ध होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु 1953 साली राष्ट्रीय विमा कायदा क्नेसेतमध्ये संमत झाला तेव्हा त्यात वृद्धापकाळ आला, बाळंतपण आले, कामावरील अपघात आला, आणि आरोग्य मात्र गळाले. त्याच वर्षी राज्य शिक्षण कायद्याने पक्षांच्या वेगवेगळ्या शाळा-प्रवाहांना मूठमाती दिली. 1959 साली पक्षांच्या आणि संघटनेच्या हातातील कामवाटप केंद्रेही राज्याने ताब्यात घेतली. बेन गुरियन यांचा आग्रहच असा होता की, जे राष्ट्राचे आहे ते पक्षाच्या हाती राहू नये. शाळेच्या बाबतीत त्यांनी तो तडीस नेला, कामवाटपाच्या बाबतीत नेला, पण दवाखान्याच्या दाराशी तो आग्रह थांबला. कारण उघड आहे. क्लालित ही लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक लोकांना सांभाळत होती. ती हिस्ताद्रुतपासून तोडली, तर हिस्ताद्रुतचे सभासद आणि तिचा पैसा दोन्ही आटले असते, आणि हिस्ताद्रुत हाच सत्ताधारी मापाई पक्षाचा कणा होता. स्वतःचा कणा काढून देणारा पक्ष जगाच्या इतिहासात विरळाच सापडेल.

या निर्णयाची, किंबहुना निर्णय न घेण्याची, झळ आपल्या वाडवडिलांना लागली. मुंबईत बेने इस्राएल कुटुंबांना सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांची सवय होती. जे. जे., के. ई. एम., कामा ही नावे घरोघरी परिचयाची होती. कामा रुग्णालयाची धुरा तर 1928 पासून 1947 पर्यंत आपल्याच समाजाच्या डॉ. जेरूशा झिराड यांच्याकडे होती. तिथे गर्दी असे, ताटकळावे लागे, पण दाराशी कोणी सभासदत्व विचारत नसे. इस्राएलमध्ये आल्यावर पहिले काही महिने ज्यू एजन्सीने केलेल्या व्यवस्थेतून ओलिमांना क्लालितचे उपचार मिळत. ती मुदत संपली की हिस्ताद्रुतचा ‘पिंकस अदोम’, म्हणजे लाल पुस्तिका, काढणे भाग पडे. नेगेवमधील नव्या वसाहतींत दुसरी कुपत बहुधा नसेच. हिस्ताद्रुत म्हणजे काय, तिचे तत्त्वज्ञान कोणते, हे जाणण्याइतकी हिब्रूही ज्यांना येत नव्हती, त्यांनी तापलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेता यावे म्हणून ती पुस्तिका घेतली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या कागदपत्रांत ती अजून जपून ठेवलेली असेल. काम सुटले, वर्गणी थकली, की विम्याचाही आधार डळमळे. म्हणजे ज्या वेळी मनुष्य सर्वांत दुबळा, त्याच वेळी त्याच्या डोक्यावरचे छप्पर सर्वांत पातळ.

यासोबत दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. जिथे खासगी डॉक्टर पाऊल टाकावयास तयार नव्हता, अशा वाळवंटी गावांत क्लालितने दवाखाने उघडले. बेर-शेवा येथील रुग्णालय 1959 साली सुरू झाले ते क्लालितनेच, अमेरिकेतील शिवणकामगारांच्या संघटनेचे साहाय्य घेऊन उभारले. कुपत होलिमचे पुढारी मोशे सोरोका यांचे नाव त्याला पुढे मिळाले, आणि आपल्या समाजातील कितीतरी मुलांनी तिथेच जगाचा पहिला प्रकाश पाहिला. संघटनेचा स्वार्थ आणि संघटनेची सेवा या दोन गोष्टी इथे अशा गुंतलेल्या होत्या की एकीला हात लावला की दुसरी हलत असे. सुधारकांची खरी पंचाईत तीच होती.

साठ आणि सत्तरच्या दशकांत सरकारने वेळोवेळी समित्या नेमल्या. आरोग्यमंत्री व्हिक्टर शेम-तोव्ह यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचे विधेयक पुढे आणले, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. त्याऐवजी 1973 साली समांतर कराचा कायदा झाला. मालकांनी कामगारांच्या आरोग्यासाठी द्यावयाचा हिस्सा त्याने सक्तीचा केला आणि तो राष्ट्रीय विमा संस्थेमार्फत कुपतींना वाटला जाऊ लागला. यात मौज अशी की, पैसा गोळा करणारा हात राज्याचा झाला, परंतु रुग्णावरील हक्क संघटनेचाच राहिला.

1977 साली सत्तापालट होऊन मनाहेम बेगिन पंतप्रधान झाले. आता हा प्रश्न सुटणार असे अनेकांना वाटले. नवे आरोग्यमंत्री एलिएझर शोस्ताक हे रिव्हिजनिस्ट कामगार चळवळीतून आलेले होते आणि हिस्ताद्रुतचे जुने प्रतिस्पर्धी होते. त्यांनीही विधेयक आणले आणि त्यांनाही ते तडीस नेता आले नाही. ज्यांना क्लालित मोडावयाची आहे तेच हा कायदा मागत आहेत, अशी शंका एका बाजूला होती. राज्याच्या तिजोरीवर हा बोजा कायमचा बसेल, अशी भीती अर्थखात्याला होती. सरकार कोणाचेही असो, अर्थखात्याची भीती बदलत नाही.

शेवटी जे तत्त्वाने झाले नाही, ते कर्जाने आणि थकव्याने जवळ आणले. 1983 साली डॉक्टरांचा संप सुमारे चार महिने चालला आणि अखेरीस काही डॉक्टर उपोषणाला बसले. महागाईने सर्व हिशेब उधळून लावले होते. 1985 साली सरकारने अर्थव्यवस्था सावरण्याची कठोर योजना आणली तेव्हा हिस्ताद्रुतचे उद्योग आणि क्लालित दोन्ही कर्जात रुतलेली दिसली. त्यातच इतर कुपती तरुण, निरोगी आणि चांगल्या पगाराच्या माणसांना आपल्याकडे ओढू लागल्या. त्यांच्यावर कोणालाही घेतलेच पाहिजे असे बंधन नव्हते. म्हाताऱ्याला किंवा जुनाट आजाराच्या माणसाला त्या नाकारू शकत. अशा माणसांचा भार क्लालितवर पडे, आणि भार वाढला की सेवा खालावे, सेवा खालावली की आणखी तरुण सोडून जात. सुमारे 5 टक्के लोक तर कोणत्याच कुपतीत नव्हते. त्यांत गरीब पुष्कळ होते, अरब नागरिकही पुष्कळ होते.

1988 साली सरकारने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती शोशाना नेतान्याहू यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय चौकशी आयोग नेमला. 1990 साली त्याचा अहवाल आला. बहुमताने आयोगाने सांगितले की, प्रत्येक रहिवाशाला कायद्याने आरोग्य विमा द्यावा, कोणत्या सेवा मिळतील हे कायद्यात लिहून ठेवावे, आणि आरोग्यखात्याने रुग्णालये चालवण्याचा व्यवसाय सोडून देखरेखीचे आपले खरे काम करावे. यांतील पहिल्या दोन शिफारशी पुढे कायद्यात उतरल्या. सरकारी रुग्णालये मात्र सरकारकडेच राहिली. आयोगाचे शब्द कितीही वजनदार असोत, ज्या भागाला कोणी वाली नसतो तो कपाटातच राहतो.

पहिल्या भागाला वाली मिळाला. 1992 साली इत्झाक राबिन यांच्या सरकारात हाइम रामोन आरोग्यमंत्री झाले. ते मजूर पक्षाचेच, घरातले होते. त्यांनी धरलेला मुद्दा एकच होता : दवाखाना आणि हिस्ताद्रुतची वर्गणी यांची गाठ कापली पाहिजे. जानेवारी 1994मध्ये पक्षाच्या परिषदेत त्यांनी आपल्या पक्षाची तुलना किनाऱ्यावर येऊन प्राण देणाऱ्या देवमाशांशी केली. त्यांना समुद्रात परत ढकलू पाहणाऱ्याचे ते ऐकत नाहीत, असा त्यांचा रोख होता. ‘देवमाशांचे भाषण’ या नावाने ते आजही ओळखले जाते. पक्षाने गाठ कापण्यास नकार दिला. फेब्रुवारीत रामोन यांनी मंत्रिपद सोडले आणि, जे कोणी कल्पिले नव्हते ते केले : हिस्ताद्रुतच्याच निवडणुकीत मजूर पक्षाच्या यादीविरुद्ध स्वतंत्र यादी उभी केली. मेरेत्झ आणि शास हे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष त्यांच्या बाजूस आले. 10 मे 1994 रोजी त्यांनी हाइम हाबरफेल्ड यांच्या नेतृत्वाखालील यादीचा पराभव केला. 1920 पासून हिस्ताद्रुत मजूर पक्षाच्या परंपरेच्या हातून जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

15 जून रोजी क्नेसेतने राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा संमत केला. शेहेचाळीस वर्षे जे अडले होते, ते हिस्ताद्रुतच्या निवडणुकीनंतर पाच आठवड्यांत पार पडले. त्या पाच आठवड्यांत वैद्यकशास्त्रात काही नवा शोध लागला नव्हता, तिजोरीत घबाडही आले नव्हते. गाठ ज्याच्या हाती होती तो माणूस बदलला होता. मात्र तेवढ्यावरून सारे श्रेय रामोन यांच्या डावपेचाला देणे मला पटत नाही. नेतान्याहू आयोगाचा मसुदा तयार नसता, तर त्या पाच आठवड्यांत कायदा लिहिणार तरी कोण आणि काय?

कायद्याचे पहिलेच कलम न्याय, समता आणि परस्पर साहाय्य या तीन तत्त्वांचा उल्लेख करते. प्रत्यक्ष रचना अशी होती : प्रत्येक रहिवाशाने चार कुपतींपैकी आपल्याला हवी ती निवडावी, आणि कुपतीने वय किंवा आजार पाहून कोणालाही नाकारू नये. आरोग्यकर उत्पन्नाप्रमाणे, मूळ दर सरासरी वेतनाच्या निम्म्यापर्यंतच्या मिळकतीवर 3.1 टक्के आणि त्यापुढील मिळकतीवर 4.8 टक्के. हा पैसा बितुआह लेउमीने गोळा करावा आणि कुपतींना त्यांच्या सभासदांच्या वयाप्रमाणे वाटावा. म्हणजे ज्या कुपतीत म्हातारी माणसे अधिक, तिला पैसा अधिक. पूर्वी ज्या वृद्धाला लहान कुपती दारातून परत पाठवत, तो आता पैसा बरोबर घेऊन येऊ लागला. सेवांची यादी, जिला ‘सल’ म्हणजे टोपली म्हणतात, ती मुख्यतः क्लालित तोवर देत असलेल्या सेवांवरून घेतली. ज्या संस्थेविरुद्ध इतका वाद झाला तिचेच माप अखेर सर्व राष्ट्राचे माप ठरले, ही गोष्ट तिच्या जुन्या सेवकांच्या वाट्याला आलेला सन्मानच म्हटला पाहिजे. हिस्ताद्रुतची सभासदसंख्या मात्र, पूर्वी ज्याची भीती होती त्याप्रमाणेच, झपाट्याने कोसळली.

कायदा झाला म्हणजे धोरण ठरले असे समजणे भोळेपणाचे आहे. त्यानंतरचा इतिहास गाजला कमी, पण सामान्य माणसाच्या खिशाला अधिक लागला. 1997च्या आरंभापासून मालकांचा समांतर कर रद्द झाला. त्याची भरपाई सरकारने अर्थसंकल्पातून करावी असे ठरले. म्हणजे स्वतंत्र वाहणारा एक झरा बंद होऊन कुपती दरवर्षी अर्थखात्याच्या ओंजळीकडे पाहू लागल्या. 1998 साठीच्या ‘हेस्देरिम’ कायद्याने औषधांवर आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटींवर रुग्णाकडून शुल्क घेण्याची कुपतींची मुभा वाढवली. हा ‘हेस्देरिम’ कायदा 1985च्या आर्थिक संकटात तात्पुरता उपाय म्हणून निघाला होता. अर्थसंकल्पाला जोडून अनेक कायद्यांतील फेरफार एकाच गाठोड्यात, घाईने, क्नेसेतकडून मंजूर करून घेण्याची ही रीत तेव्हापासून मुरली. आयोगाने दोन वर्षे साक्षी घेऊन जे बांधले, त्याची एखादी वीट अर्थसंकल्पाच्या रात्री निघून जाते आणि वाचकाला ते औषधाच्या दुकानात कळते.

नव्या औषधांचा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. टोपली कायद्याने बांधली, पण औषधे दरवर्षी नवी येतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यासाठी एक सार्वजनिक समिती अस्तित्वात आली. तिच्यात डॉक्टर, अर्थतज्ज्ञ, कुपतींचे आणि जनतेचे प्रतिनिधी बसतात. सरकार त्या वर्षासाठी ठराविक रक्कम देते, मागण्या तिच्या कितीतरी पट असतात, आणि समितीला क्रम लावावा लागतो : थोड्या रुग्णांचे आयुष्य काही महिने वाढवणारे महागडे औषध आधी, की अनेकांना होणारा त्रास कमी करणारे स्वस्त औषध आधी? रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फलक घेऊन उभे राहतात, वृत्तपत्रे छायाचित्रे छापतात. ही रीत क्रूर वाटते खरी. पण पूर्वी हाच निर्णय बंद दाराआड, कोणाच्या ओळखीवर होत असे, हे आपल्यातील जुन्या मंडळींना आठवत असेल. निदान आता यादी छापली जाते आणि तिच्यावर भांडता येते.

टोपली हळूहळू वाढलीही. 2010 साली लहान मुलांचे दात तिच्यात आले. आरंभी आठ वर्षांपर्यंतची मुले होती, आणि 2019पर्यंत ही मर्यादा टप्प्याटप्प्याने अठरा वर्षांपर्यंत गेली. 2010च्या अखेरीस कुपतींना पैसा वाटताना वयाबरोबर स्त्री-पुरुष भेद आणि केंद्रापासून दूर राहणे याही गोष्टी मोजल्या जाऊ लागल्या. नेगेवमध्ये राहणाऱ्या आपल्या बांधवांच्या दृष्टीने ही दुसरी दुरुस्ती पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही. मानसिक आजारांचे उपचार कुपतींकडे सोपवण्याचे मूळ कायद्यातच योजलेले होते. ते 1 जुलै 2015 रोजी, म्हणजे वीस वर्षांनी, प्रत्यक्षात आले. डिसेंबर 2020मध्ये कोरोनाची लस आली तेव्हा चारही कुपतींकडे प्रत्येक रहिवाशाचे नाव, वय आणि दवाखाना आधीच नोंदलेला होता, आणि म्हणूनच काही आठवड्यांत लक्षावधी लोकांना लस टोचता आली. ती वही कोणी साथीसाठी उघडली नव्हती. 1995 साली पैसे वाटण्यासाठी ती उघडली गेली होती.

वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा प्रश्न मात्र कुपतींच्या टोपलीबाहेरच ठेवला गेला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषालयात ठेवावयाचे, तर आरोग्यखात्याकडे वेगळा अर्ज, कुटुंबाच्या मिळकतीची वेगळी चौकशी आणि मुलांकडूनही हिस्सा, अशी ही व्यवस्था आहे. ती कुपतींकडे सोपवण्याचे प्रस्ताव एकाहून अधिक वेळा पुढे आले आणि दर वेळी अर्थखात्याशी होणाऱ्या चर्चेत अडकले. पन्नास-साठच्या दशकांत लाल पुस्तिका घेऊन रांगेत उभी राहिलेली आपली पिढी आज नेमकी त्या अर्जाच्या वयाची आहे.